विश्लेषण : फोनमधल्या दोनशे क्लिपचा एक घरगुती व्हिडिओ, फुकटचं सॉफ्टवेअर पुरतं का?

घरातल्या कार्यक्रमाचं शूटिंग आता मुद्दाम कोणी करत नाही, ते आपोआप होतं. बारसं असो, साखरपुडा असो की गौरी-गणपती, डझनभर फोन वर होतात आणि रात्री कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर क्लिपांचा पाऊस पडतो. दोन दिवस अंगठे आणि हार्ट येतात. मग त्या क्लिप फोनच्या पोटात गडप होतात आणि 'स्टोरेज फुल'चा इशारा आला की सगळ्यात आधी त्यांच्यावरच गदा येते.

आमच्या घरातलंच उदाहरण सांगतो. दोन वर्षांपूर्वी आजीचं सहस्रचंद्रदर्शन झालं. त्या दिवशी ११ जणांच्या फोनमध्ये शूटिंग झालं होतं. 'नंतर निवांत एडिट करू' असं ठरलं आणि निवांतपणा मिळायच्या आत आजी गेली. मग क्लिप गोळा करायला घेतल्या. तोवर दोघांनी जागा करायला म्हणून त्या उडवल्या होत्या, एकाचा फोन बदलला होता. हाती आल्या २१४ क्लिप. आजीने आजोबांचं नाव घेऊन उखाणा घेतला, तो क्षण मात्र मूळ स्वरूपात कुणाकडेच नव्हता. उरली होती ती ग्रुपवर फिरून धूसर झालेली कॉपी.

व्हिडिओ एडिटिंग हे स्टुडिओवाल्याचं काम, त्याला महागडं मशीन आणि महागडं सॉफ्टवेअर लागतं, हा समज आपल्याकडे अजून घट्ट आहे. घरगुती व्हिडिओपुरता तो खरा नाही. पाच-सहा वर्षं जुना लॅपटॉप, एक फुकट सॉफ्टवेअर आणि दोन रविवार एवढ्यात काम होतं. अडचण सॉफ्टवेअरची नसतेच. आपण हात घालायला उशीर करतो, ही अडचण असते.

फोनवर ॲप असताना कॉम्प्युटर कशाला?

अर्ध्या मिनिटाचं रील करायचं असेल तर फोन पुरेसा आहे, उगाच लॅपटॉप उघडू नका. पण चार तासांच्या क्लिपांतून वीस मिनिटं निवडायची, आत्याचा आवाज थोडा वाढवायचा, मागची मिक्सरची घरघर कमी करायची, हे सहा इंची पडद्यावर अंगठ्याने करून पाहा. दहाव्या क्लिपला माणूस कंटाळतो. शिवाय सगळ्या भावंडांच्या क्लिप एकाच फोनमध्ये आणायला जागा कुठे असते? १०८०पी व्हिडिओचा वेग सेकंदाला १७ मेगाबिट धरला तर एका मिनिटाला सव्वाशे एमबीच्या आसपास जागा जाते. आमच्या २१४ क्लिप भरल्या सुमारे सहा तासांच्या, म्हणजे ४५ जीबी. गुगल फोटोजची मोफत अमर्याद साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. मोफत मिळणाऱ्या १५ जीबीमध्ये जीमेल आणि ड्राइव्हही आलं.

दुसरं कारण भरवशाचं. फोनवरचं ॲप आज आहे, उद्या असेलच असं नाही. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने ज्या ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉकबरोबर विवा व्हिडिओही होतं. त्यात अर्धवट राहिलेल्या कामांचं काय झालं असेल, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

'फुकट' म्हणजे नेमकं काय?

इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द आहे. आपल्याकडे सुदैवाने दोन आहेत : फुकट आणि मुक्त. फरक फार कामाचा आहे.

काही सॉफ्टवेअर नुसती चवीपुरती फुकट असतात. चार तास राबून व्हिडिओ तयार करायचा आणि शेवटच्या बटणाला कळतं, की पैसे भरल्याशिवाय कोपऱ्यातला कंपनीचा शिक्का जाणार नाही. दुसरा प्रकार कंपनीच्या मर्जीने फुकट असलेल्यांचा. 'दा विंची रिझॉल्व्ह' हे त्यातलं सगळ्यात दणकट. सिनेमांच्या रंगसंस्कारासाठी नावाजलेलं हे सॉफ्टवेअर ब्लॅकमॅजिक डिझाइन या ऑस्ट्रेलियन कंपनीने २००९ मध्ये मूळ कंपनीसह विकत घेतलं. पुढे तिने त्याची एक आवृत्ती मोफत केली. तिच्यात वेळेची मर्यादा नाही आणि पैसे देऊन घ्यायच्या स्टुडिओ आवृत्तीतले इफेक्ट वापरले नाहीत तर शिक्काही उमटत नाही.

तिसरा प्रकार मुक्त सॉफ्टवेअरचा. 'शॉटकट', 'केडेनलाइव्ह' आणि 'ओपनशॉट' ही त्यातली ठळक नावं. यांचा सोर्स कोड सर्वांना खुला आहे. खातं उघडा, ईमेल द्या असा आग्रह नाही आणि व्हिडिओ तुमच्या लॅपटॉपबाहेर जात नाही. तयार करणाऱ्यांनी उद्या काम थांबवलं तरी तुमच्याकडची आवृत्ती चालत राहते, कोणी दुसरा ती पुढे नेऊ शकतो. केडेनलाइव्हची सुरुवात २००२ ची, ओपनशॉटची २००८ ची. ही काही काल आलेली मंडळी नाहीत.

चौथा प्रकार म्हणजे गल्लीतल्या कॉम्प्युटरवाल्याकडून पेन ड्राइव्हवर मिळणारं महागड्या सॉफ्टवेअरचं 'क्रॅक'. ते बसवताना 'अँटिव्हायरस बंद करा' अशी सूचना असते. ती पाळल्यावर काय आत येतं हे बसवणाऱ्यालाही माहीत नसतं. फोटो-व्हिडिओ कुलूपबंद करून खंडणी मागणारे रॅन्समवेअर अशाच वाटेने शिरतात. ज्या लॅपटॉपवर घरातल्या आठवणींची एकमेव कॉपी आहे, त्यावर हा जुगार खेळायला निदान मी तरी तयार नाही.

फुकट सॉफ्टवेअरच्या नावावरही फसवणूक झालेली आहे. विंडोजबरोबर २००० पासून येणारं 'मूव्ही मेकर' अनेकांनी वापरलं असेल. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१७ मध्ये ते बंद केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ईसेट या सायबर सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं, की गुगलवर शोधताना वर येणाऱ्या एका साइटवरून बनावट मूव्ही मेकर वाटलं जात होतं आणि व्हिडिओ सेव्ह करताना ते पैसे मागत होतं. म्हणून नाव शोधून पहिल्या लिंकवर क्लिक करण्यापेक्षा पत्ता स्वतः टाइप करा : शॉटकट डॉट ऑर्ग, केडेनलाइव्ह डॉट ऑर्ग.

मग कोणतं घ्यावं?

नवख्या माणसाला माझं उत्तर शॉटकट. रिझॉल्व्ह निःसंशय सरस आहे, पण आठ जीबी रॅमच्या घरगुती लॅपटॉपवर ते धापा टाकतं. त्याचा पसाराही असा, की पहिल्याच दिवशी माणूस 'हे आपलं काम नव्हे' म्हणून बंद करतो. शॉटकटला साध्या एचडी व्हिडिओसाठी आठ जीबी रॅम पुरते. केडेनलाइव्ह थोडं अधिक समृद्ध आहे, विशेषतः लिनक्स वापरणाऱ्यांनी ते पाहावं. ॲपल मॅक असेल तर आयमूव्ही आहेच, आणि विंडोज ११ बरोबर येणारं क्लिपचॅम्प छोट्या कामाला वाईट नाही. पण तुलना करण्यात महिना घालवू नका. एकावर हात बसला की दुसरं तासाभरात कळतं, कारण सगळ्यांचा सांगाडा एकच आहे.

शिकायचं कुठून? यूट्यूबवर ढीग आहे. मुक्त सॉफ्टवेअरचे धडे मराठीतूनही देणाऱ्या आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाची एक पद्धत मात्र उचलण्याजोगी आहे : अर्ध्या पडद्यावर धडा, अर्ध्या पडद्यावर सॉफ्टवेअर. एक पायरी पाहायची, थांबवायचं, ती स्वतः करायची. अख्खा व्हिडिओ पाहून मग करायला बसलं तर काहीही आठवत नाही. एमएस-सीआयटी केलेल्या कुणालाही हे जड जाऊ नये.

पहिला रविवार : नुसती गोळाबेरीज

सॉफ्टवेअर उघडण्याआधी कार्यक्रमाच्या नावाचा एक फोल्डर करा आणि सगळ्यांच्या मूळ क्लिप त्यात आणा. केबलने, पेन ड्राइव्हने, ड्राइव्हच्या लिंकने, कसंही चालेल. फक्त व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेल्या नकोत. व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करतं आणि तो गेलेला तपशील कुठलंही सॉफ्टवेअर परत आणत नाही. पाठवायचंच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. दोन जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी येते. अँड्रॉइडवर ओळखायची खूण सोपी : फाइलच्या नावात 'डब्ल्यूए' अक्षरं असतील तर ती व्हॉट्सॲपची कॉपी. मूळ क्लिपच्या नावात बहुतेक फोन तारीख आणि वेळ घालतात. त्यामुळे सगळ्या फाइल नावाने लावल्या की मामाच्या फोनमधलं औक्षण आणि ताईच्या फोनमधलं औक्षण आपोआप शेजारी येतं.

हा फोल्डर आता हलवायचा नाही, त्याचं नावही बदलायचं नाही. असं का, हे कळलं की अर्धं एडिटिंग कळलं. सॉफ्टवेअर तुमच्या मूळ फाइलला हातच लावत नाही. शॉटकटमध्ये सेव्ह होणारी 'एमएलटी' फाइल म्हणजे फक्त पाककृती असते : अमक्या फाइलमधली दहाव्या ते अठराव्या सेकंदाची क्लिप घ्या, मग तमक्यातली, तिचा आवाज कमी करा. पदार्थ त्यात नसतो. म्हणून तुम्ही कितीही कापाकापी केली तरी मूळ शूटिंग सुरक्षित राहतं, आणि म्हणूनच फोल्डर हलवला तर सॉफ्टवेअरला सामान सापडत नाही. आमच्या एका भावाने 'प्रोजेक्ट सेव्ह केलाय ना' म्हणून क्लिप उडवल्या होत्या. त्याच्याकडे उरली पाककृती.

घरात लग्नाच्या जुन्या डीव्हीडी असतील तर त्याही याच वेळी काढा. घरी किंवा स्टुडिओत 'राइट' केलेल्या डीव्हीडी कायम टिकत नाहीत आणि नव्या लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो. यूएसबीवरचा ड्राइव्ह कुणाकडून तरी उसना आणून फाइल हार्ड डिस्कवर उतरवून ठेवा. एडिटिंग नंतर केलं तरी चालेल.

दुसरा रविवार : कापायचं कसं?

शॉटकटमध्ये क्लिप प्लेलिस्टमध्ये ओढून टाका, तिथून खालच्या टाइमलाइनवर. एक सावधगिरी : सॉफ्टवेअर 'ऑटोमॅटिक'वर असेल तर पहिली क्लिप जशी, तसा सगळा व्हिडिओ होतो. पहिलीच क्लिप उभी धरून काढलेली असली तर टीव्हीवर दाखवायचा अख्खा कार्यक्रम उभा होऊन बसतो. म्हणून सुरुवात आडव्या क्लिपने करा. मधल्या उभ्या क्लिपच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, ते खुपत असतील तर 'ब्लर पॅड' हा फिल्टर तिथे त्याच चित्राची धूसर पार्श्वभूमी भरतो.

मग तीन कळा लक्षात ठेवा. 'एस' दाबलं की उभी रेघ जिथे असेल तिथे क्लिपचे दोन तुकडे होतात. नको असलेला तुकडा निवडून 'एक्स' दाबलं की तो जातो आणि पुढचं सरकून जागा भरतं. 'झेड' दाबलं तर तुकडा जातो पण जागा मोकळी राहते. बाकी कंट्रोल-झेड आहेच, चुकलं तर मागे या. एका क्लिपचं टोक दुसरीवर थोडं ओढलं की एक दृश्य विरघळून दुसरं येतं. हे सतत करू नका. पान उलटणं, चित्र फिरत येणं, हृदयाच्या आकारातून नवरा-नवरी दिसणं, हे सगळं लग्नाच्या डीव्हीडीवर आपण भोगलेलं आहे.

खरं काम निवडीचं आहे, आणि ते सॉफ्टवेअर करून देत नाही. सहा तासांतून आम्ही ठेवली २६ मिनिटं. केक कापण्याचे सात कोन होते, एक ठेवला. भाषणं छाटली. पण आजी स्वयंपाकघराच्या दारात बसून कुणाला तरी लाडवांचं प्रमाण सांगत होती, ती हलती, वाकडी, दीड मिनिटाची क्लिप पूर्ण ठेवली. तिच्यात 'कार्यक्रम' काहीच नाही. बघताना सगळे तिथेच थांबतात. कापताना मी एक साधी चाळणी लावली : हे दृश्य फोटोने भागलं असतं का? भागलं असतं तर काढा.

चित्रापेक्षा आवाज महत्त्वाचा

नवशिके चित्रावर मेहनत घेतात आणि आवाज तसाच सोडून त्यावर सिनेमाचं गाणं चढवतात. माझ्या मते घरगुती व्हिडिओचा याहून मोठा घात नाही. हललेलं चित्र डोळा सहन करतो, न ऐकू येणारं बोलणं कान सहन करत नाही. आणि वीस वर्षांनी हवा असतो तो माणसाचा आवाज. गाणं तेव्हाही मिळेल.

वेगवेगळ्या फोनचा आवाज कमी-जास्त असतो. प्रत्येक क्लिपला 'नॉर्मलाइझ' फिल्टर लावला की पातळी सारखी होते. पंख्याची किंवा गर्दीची सलग घरघर असेल तर 'ऑडॅसिटी' हे आवाजाचं मुक्त सॉफ्टवेअर वापरा. ज्यात नुसती घरघर आहे असे दोन-तीन सेकंद निवडून 'नॉइज रिडक्शन'ला नमुना म्हणून द्यायचे, मग पूर्ण आवाजावर तोच उपाय चालवायचा. हात सैल ठेवा, जास्त केलं तर माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो.

आणखी एक युक्ती. आजी पाच मिनिटं बोलते आहे, पण कॅमेरा मधेच छताकडे वळलाय. अशा वेळी तिचा आवाज सलग ठेवायचा आणि वरच्या दुसऱ्या ट्रॅकवर त्या दिवसाची इतर दृश्यं, हात, रांगोळी, ऐकणारे चेहरे, आवाज बंद करून ठेवायची. बघणाऱ्याला कॅमेरा हलल्याचा पत्ता लागत नाही. उखाण्याच्या त्या धूसर क्लिपचं आम्ही हेच केलं. चित्र कामातून गेलं होतं, आवाज बरा होता. तो आवाज ठेवला आणि वर त्याच वेळी दुसऱ्या फोनने टिपलेले हसणारे चेहरे लावले.

ओठ आणि आवाज जुळत नाहीत, लॅपटॉप अडकतो, का?

हे दोन प्रश्न प्रत्येकाला पडतात. फोन सेकंदाला ३० चित्रं काढतो असं आपण म्हणतो, पण अंधार पडला किंवा प्रोसेसर तापला की तो गुपचूप कमी काढतो. चित्रांचा वेग असा कमी-जास्त झाला की एडिटिंगमध्ये आवाज पुढे आणि ओठ मागे असं होऊ शकतं. शॉटकट अशी फाइल ओळखून 'एडिट-फ्रेंडली' प्रकारात बदलू का, असं विचारतं. हो म्हणा. नवी फाइल बरीच मोठी होते, पण डोकेदुखी संपते.

अडकण्याचं कारण निराळं. नवे फोन जागा वाचवायला एचईव्हीसी या प्रकारात शूटिंग करतात, त्यात दोन चित्रांमधला फक्त फरक साठवलेला असतो. उलगडायला जुन्या प्रोसेसरला घाम फुटतो. सेटिंग्जमध्ये 'प्रॉक्सी' चालू करा. मग सॉफ्टवेअर प्रत्येक क्लिपची हलकी नक्कल करून कापाकापी तिच्यावर करतं आणि अंतिम व्हिडिओ मूळ क्लिपवरून बनवतं. नवा लॅपटॉप घ्यायच्या आधी हे एक करून पाहा.

नुसती क्लिपची दोन्ही टोकं उडवायची असतील तर एवढाही खटाटोप नको. 'लॉसलेसकट' हे छोटं मुक्त सॉफ्टवेअर दर्जा न घटवता क्षणात कापून देतं. कापण्याची जागा सेकंदभर पुढे-मागे होऊ शकते, इतकंच.

नावं मराठीत टाका

कोण कोण आहे हे आज सगळ्यांना माहीत आहे. आजीच्या मावसबहिणीचं नाव आमच्या पिढीतल्या निम्म्यांना आताच सांगता येत नाही. म्हणून व्यक्ती पहिल्यांदा दिसते तिथे नाव आणि नातं, आणि सुरुवातीला तारीख व गाव टाका. 'टेक्स्ट' फिल्टरमध्ये युनिकोड मराठी नीट उमटतं. टायपिंग जमत नसेल तर फोनवर लिहून स्वतःलाच पाठवा आणि चिकटवा. फॉन्टसाठी मुंबईच्या एक टाइप गटाचा 'मुक्ता' मोफत आहे आणि छोट्या अक्षरातही वाचता येतो. डीटीपीवाल्याकडून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर आणलात तर पडद्यावर अगम्य अक्षरं दिसतील. तो मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

शेवटचं बटण

'एक्स्पोर्ट'मध्ये खूप पर्याय दिसतात. काही बदलू नका. शॉटकटचा मूळ पर्याय एच.२६४ प्रकारची एमपी४ फाइल देतो, ती टीव्ही, फोन, लॅपटॉप सगळीकडे चालते. जुन्या मशीनवर २६ मिनिटांच्या व्हिडिओला तासभर लागू शकतो. लॅपटॉप चार्जिंगला लावून जेवून या.

नातेवाइकांना दाखवायला यूट्यूबवर 'अनलिस्टेड' ठेवला तर लिंक ज्याच्याकडे पोहोचेल तो कुणीही पाहू शकतो, हे ध्यानात असू द्या. लहान मुलं व्हिडिओत असतील तर त्यांच्या आईबापांना आधी विचारा. सिनेमाचं गाणं असेल तर यूट्यूबची स्वयंचलित यंत्रणा ते ओळखते. मग व्हिडिओवर जाहिराती येऊ शकतात किंवा तो अडवलाही जातो. संगीत हवंच असेल तर यूट्यूबच्याच ऑडिओ लायब्ररीत मोफत धुना आहेत.

तयार व्हिडिओ, प्रोजेक्टची फाइल आणि मूळ क्लिपचा फोल्डर, तिन्ही एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा आणि तीच कॉपी दुसऱ्या घरी असलेल्या कुणाकडे तरी ठेवा. आमची एक डिस्क ठाण्यात आहे, दुसरी साताऱ्याला काकांच्या कपाटात. व्हिडिओ ग्रुपवर टाकला तेव्हा डॉक्युमेंट म्हणूनच टाकला. तरी तिसऱ्या दिवशी एका मामेभावाचा मेसेज आला : जुन्या फोनमध्ये अजून चाळीस क्लिप सापडल्यात, पाठवू का?